आत्मविश्वासाच्या तीन साक्षी

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवस्थानाच्या वर्धापनदिनानिमित्त मुलांची वक्तृत्वस्पर्धा झाली व परीक्षक म्हणून समितीने आम्हांस पाचारण केले. वकिली हा बोलण्याचा व्यवसाय. तेव्हा बोलणाऱ्याची पारख आम्हांस असणारच, असा मंडळींचा सद्भावनेचा समज असावा. विषय होता 'माझे ध्येय'. सभामंडपात वडील माणसे दाटीवाटीने बसली होती आणि एकामागून एक मुले व्यासपीठावर येत होती. नऊ वर्षांच्या एका मुलाने, आपण जिल्हाधिकारी होऊन देशाची सेवा करणार, असे खणखणीत आवाजात सांगितले. हात कोठे उंचवावयाचा, आवाज कोठे उतरवावयाचा, सारे यथास्थित होते. आम्ही त्यास कौतुकाने विचारले, "बाळ, जिल्हाधिकारी काय काम करतो?" मुलाने आईकडे पाहिले. ते त्याच्या भाषणात नव्हते. पहिले बक्षीस त्यालाच मिळाले. ते आम्हीच दिले.

त्याच्यानंतर थोड्या वेळाने एक मुलगी आली. तिने दोन वाक्ये बरी म्हटली आणि तिसऱ्याशी ती अडली. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. नियमात किती वेळ थांबावयाचे ते ठरलेले होते. तेवढे आम्ही थांबलो व घंटा वाजविली. मुलगी खाली उतरली. पुढे काही दिवसांनी तिच्या आजीने देवळाच्या पायरीवर सहज बोलता बोलता सांगितले की, सांजेच्या आरतीला पूर्वी पुढे उभी राहणारी ती मुलगी आता खांबाआड उभी राहते. आजीने आम्हांस बोल लावला नाही, म्हणून ते वाक्य अधिक लागले.

मुलांत आत्मविश्वास कसा उपजतो, आणि त्यात वडीलधाऱ्यांचा हात किती व कसा असावा, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मनात घर करून आहे. या विषयावर आजकाल व्याख्यानांस तोटा नाही. 'मोठी स्वप्ने पाहा', 'तुम्ही काहीही करू शकता', अशा वाक्यांनी सभागृहे दुमदुमतात व मुले टाळ्या वाजवून घरी जातात. परंतु व्याख्यान हा युक्तिवाद आहे, आणि पुराव्यावाचून नुसत्या युक्तिवादावर खटला उभा राहत नाही, हे आमचा व्यवसाय आम्हांस रोज शिकवितो. म्हणून आम्ही युक्तिवाद बाजूस ठेवून साक्षी तपासावयाचे ठरविले. तीन पुस्तके आम्ही पुन्हा वाचली: साने गुरुजींचे 'श्यामची आई', गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' आणि जपानच्या तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान'. तिन्ही पुस्तके मुलांविषयीची असली, तरी खरे पाहता ती मोठ्यांनी वाचावयाची आहेत. त्यांचे गुणवर्णन पुष्कळ झाले आहे. येथे त्यांची उलटतपासणी करावयाचा विचार आहे.

पहिली साक्ष विहिरीची

'श्यामची आई' साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारी महिन्यात अवघ्या काही दिवसांत लिहून काढले. त्यातील 'श्यामचे पोहणे' हे प्रकरण न वाचलेला मराठी माणूस विरळा. पावसाळ्यात कोकणातील विहिरी तुडुंब भरतात, गावची मुले पोहावयास शिकतात, आणि श्याम मात्र भीतीने माळ्यावर लपून बसतो. आई त्यास शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठविते. श्याम पाण्यात पडतो, शिकतो. आणि मुलाला कोणी भित्रे म्हटलेले आपणांस सोसवत नाही, हे मागाहून आई त्यास मायेने समजाविते.

या प्रकरणाचा आधार आजवर फार जणांनी घेतला आहे, व त्यांतील पुष्कळांनी तो छडीसाठी घेतला आहे. 'बघा, आईने मारले म्हणून श्याम पोहावयास शिकला', असे वाक्य आम्ही शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे, पालकांच्या तोंडून तर अनेकदा. या निष्कर्षावर आमचा आक्षेप आहे, आणि तो कायद्याच्या व साहित्याच्या अशा दोन्ही अंगांनी आहे.

कायद्याचे अंग थोडक्यात सांगता येईल. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा अधिनियम कलम १७ अन्वये शाळेतील मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई करतो. ज्या गुरुजींच्या हाती आजही छडी असेल, त्यांस साने गुरुजींचा दाखला न्यायालयात उपयोगी पडणार नाही.

साहित्याचे अंग अधिक सूक्ष्म आहे. ही गोष्ट कोण सांगतो आहे? माळ्यावर लपलेला लहान श्याम ती सांगत नाही. आश्रमात सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगणारा, आई गमावलेला, कृतज्ञतेने भरून आलेला प्रौढ श्याम ती सांगतो. अशा साक्षीदाराच्या सच्चेपणाविषयी शंका नाही. परंतु त्याच्या साक्षीचे मोल ठरविताना त्याचे प्रेम जमेस धरावेच लागते. ज्याला आईचा प्रत्येक शब्द प्रसादासारखा वाटतो, त्याला तिचा मारही तसाच वाटणार. शिवाय ज्या मुलांना मारून पाण्यात लोटले आणि ज्यांच्या मनात पाण्याची भीती कायमची बसली, ती मुले पुस्तके लिहीत नाहीत. त्यांची साक्ष कोणी नोंदविलेली नाही.

मग पोहणे शिकविले कोणी? प्रकरण शांतपणे वाचले म्हणजे उत्तर सापडते. माराने श्याम विहिरीपर्यंत आला, इतकेच. पोहणे शिकविले ते पाण्याने आणि विहिरीवर असलेल्या, पोहणे जाणणाऱ्या माणसांनी. बुडू लागला तर काढावयास हात होते. ते हात नसते, तर ही गोष्ट धैर्याची न होता दुर्घटनेची झाली असती. आणि शेवटी शिकविले ते आईच्या त्या मागाहूनच्या बोलण्याने. मुलाला भित्रे म्हणणारे गावात पुष्कळ होते. आईने ते नाव कधी स्वीकारले नाही. तिचा राग मुलावर नव्हता, त्याला चिकटू पाहणाऱ्या त्या नावावर होता. आमच्यातील छडीचे कैवारी मार उचलतात, पण विहिरीवरची माणसे आणि मागाहूनची माया मागे ठेवतात. नुस्खा अर्धाच वापरावा आणि गुण मात्र पूर्ण मागावा, असा हा प्रकार आहे.

आचार्य अत्रे यांनी १९५३ साली या पुस्तकावर चित्रपट काढला व त्यास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्यात आईची भूमिका करणाऱ्या वनमाला ह्या ग्वाल्हेरच्या, हे आमच्या ग्वाल्हेर-इंदूरच्या वाचकांस अभिमानाने ठाऊक असेलच. पण चित्रपटाची एक मर्यादा येथे नोंदविली पाहिजे. पडद्यावर आईचा उगारलेला हात दिसतो; सांगणाऱ्याचे वय व त्याची कृतज्ञता दिसणे कठीण. त्यामुळे ज्यांनी पुस्तक न वाचता चित्रपटच पाहिला, त्यांच्या स्मरणात छडी राहिली व पाणी विसरले गेले, यात नवल नाही.

याच पुस्तकात दुसरे एक प्रकरण आहे व त्याकडे ध्येयवादाचे व्याख्याते ढुंकूनही पाहत नाहीत. त्याचे नावच 'मोठा होण्यासाठी चोरी' असे आहे. मोठे व्हावयाचे, त्यासाठी पुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी पैसे हवेत, अशा साखळीने श्याम पैसे चोरतो. 'मोठा हो' हा घोष मुलाच्या कानी अखंड पडत राहिला व मार्ग मात्र कोणी दाखविला नाही, तर काय होते, हे गुरुजींनी स्वतःच्याच नावावर लिहून ठेवले आहे. याउलट, रामरक्षेचे पुस्तक जवळ नाही म्हणून दुसऱ्याच्या पुस्तकावरून ती हाताने उतरवून घेणारा आणि मग पाठ करणारा श्याम. किंवा पत्रावळ लावता येत नाही, तेव्हा ती शिकून घेणारा श्याम. ही लहान कामे आहेत. त्यांस ध्येय म्हणण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. पण श्यामला 'मला येते' असे म्हणावयास लावले ते या लहान कामांनीच. आमच्या मते पुस्तकाचे खरे सार विहिरीपेक्षा या पत्रावळीत अधिक आहे.

हाच श्याम पुढे साने गुरुजी झाला, आणि पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दरवाजे हरिजन बांधवांस उघडावेत म्हणून १९४७ च्या मे महिन्यात त्याने प्राण पणास लावून उपोषण केले. पालगडच्या विहिरीपासून पंढरपूरच्या महाद्वारापर्यंत कार्यकारणाची सरळ रेघ ओढण्याचे धाडस आम्ही करणार नाही. एवढी लांब साखळी कोणतेही न्यायालय मान्य करणार नाही. तथापि देवळाशी ज्यांचे आयुष्य बांधलेले आहे, अशा आम्हां सर्वांस एवढे तरी ध्यानी ठेवता येईल की, भित्रा म्हणून ज्यास गाव हसत होते, त्याच मुलाने देवाचे दार उघडविले.

दुसरी साक्ष पडलेल्या गुरुजींची

गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. सौराष्ट्रात वढवाण येथे त्यांचा व्यवसाय चालू होता. पुढे १९१६ साली तो सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले व १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर काढले. आमच्या व्यवसायबंधूने व्यवसाय सोडून केलेले हे काम पाहून आम्हांस अभिमान वाटतो आणि थोडी लाजही वाटते. महाराष्ट्रात बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक भावनगरास त्यांच्यासोबत काम करीत होत्या, तेव्हा हा ऋणानुबंध मराठी घरांपर्यंत आलेला आहे. बडोद्याच्या वाचकांनी तर 'दिवास्वप्न' मूळ गुजरातीतच वाचले असेल.

पुस्तकाचे कथानक साधे आहे. लक्ष्मीराम नावाचा एक गृहस्थ शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो आणि प्रयोगासाठी एक वर्ग मागतो. त्यास चौथीचा वर्ग व एक वर्षाची मुदत मिळते. तो पुस्तके वाचून, मनात आराखडा आखून वर्गात येतो आणि पहिल्याच दिवशी फजीत होतो. शांततेचा खेळ घ्यावयाचे त्याने योजिलेले असते. मुले शांततेऐवजी आरडाओरडा करतात आणि त्याच्या योजनेचे तीनतेरा वाजतात. दुसऱ्या दिवशी तो योजना गुंडाळून ठेवतो व मुलांस गोष्ट सांगू लागतो. वर्ग आपोआप शांत होतो.

टीकाकारांनी या पुस्तकातील शिक्षणपद्धतीची चर्चा केली आहे. आम्हांस त्यातील पहिल्या दिवसाचे महत्त्व अधिक वाटते. मुलांना आत्मविश्वास देऊ पाहणाऱ्या पुस्तकाची सुरुवात शिक्षकाच्या अपयशाने होते, ही लेखकाची चूक नसून हेच त्याचे मर्म आहे. मुलांनी त्या दिवशी जे पाहिले ते असे: एक मोठा माणूस चुकला, सर्वांसमोर चुकला, आणि दुसऱ्या दिवशी परत आला. चुकण्याने माणूस संपत नाही, हे शंभर व्याख्यानांनी पटत नाही. ते एकदा पाहावे लागते. आमच्या घरांतून आणि शाळांतून मोठी माणसे मुलांसमोर कधी चुकतच नाहीत. आम्ही आमच्या चुका झाकतो, आणि मग मुलाने चुकण्यास भिऊ नये असा उपदेश करतो.

दुसरी गोष्ट अशी की, या वर्गात मुले नाटक करतात ते पाठ केलेल्या संवादांचे नव्हे. ऐकलेल्या गोष्टी ती आपल्याच शब्दांत करून दाखवितात. हे वाचताना आम्हांस आमच्या स्पर्धेतील तो जिल्हाधिकारी आठवला. त्याचे शब्द त्याचे नव्हते, म्हणून शब्द संपताच त्याचा विश्वासही संपला. आणि ती मुलगी? कदाचित तिचेही शब्द तिचे नसतील. परक्याचे दागिने घालून मिरवणाऱ्यास दागिना हरवल्याची जी भीती असते, तीच भीती पाठ केलेल्या भाषणात असते. स्वतःच्या शब्दांचे तसे नाही. एक विसरला तर दुसरा सापडतो.

'दिवास्वप्न'वर आक्षेप घ्यावयाचा तर तो हा की, लेखकाने आपल्या नायकास विजय थोडा सहज मिळवून दिला आहे. एका वर्षात इतके पालटते काय, असा प्रश्न अनुभवी शिक्षक विचारतील, आणि तो रास्त आहे. परंतु लेखकाने पुस्तकाचे नावच 'दिवास्वप्न' ठेवून हा आक्षेप आधीच मान्य केला आहे. साक्षीदार स्वतःच्या साक्षीची मर्यादा आपण होऊन सांगतो, तेव्हा त्याच्यावरील आमचा विश्वास वाढतो.

तिसरी साक्ष शर्यतीची

'तोत्तोचान' हे पुस्तक जपानीत १९८१ साली निघाले व चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे ते मराठी घरांत पोचले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील टोकियो. पहिल्या इयत्तेतच शाळेतून काढून टाकलेली एक चंचल मुलगी. आणि जुन्या आगगाडीच्या डब्यांत भरणारी 'तोमोए' नावाची शाळा. लेखिका स्वतःच ती मुलगी. शाळेचे मुख्याध्यापक सोसाकु कोबायाशी पहिल्या भेटीत तिला, तुला काय सांगावयाचे ते सांग, असे म्हणतात आणि चार तास तिचे बोलणे ऐकत बसतात. आम्ही त्या मुलीस काही क्षण दिले आणि घंटा वाजविली. या तुलनेवर अधिक भाष्य करण्याची आवश्यकता नाही.

पुस्तकात एक प्रसंग आहे. तोत्तोचानचा आवडता बटवा शौचकूपात पडतो. ती मैला काढण्याचे लांब दांड्याचे साधन घेऊन टाकीतील घाण बाहेर उपसू लागते. मुख्याध्यापक तेथून जातात, पाहतात, आणि काम झाल्यावर हे सारे परत आत टाकशील ना, एवढेच विचारतात. ते रागावत नाहीत, मदतीस धावत नाहीत आणि तिची पाठही थोपटत नाहीत. बटवा सापडत नाही. पण मुलगी ढीग पुन्हा आत टाकते. तिला काय मिळाले? आपण हाती घेतलेले काम आपलेच आहे व ते आपण पुरे करू, असे दुसऱ्याने गृहीत धरलेले तिला दिसले. स्तुतीपेक्षा हे मोठे आहे. स्तुतीत मोठा माणूस वरून खाली पाहतो. येथे तो समोर उभा आहे.

परंतु आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने कळीचा प्रसंग क्रीडादिनाचा आहे. ताकाहाशी नावाच्या मुलाची वाढ खुंटलेली आहे. हातपाय आखूड आहेत. मुख्याध्यापक खेळ असे योजतात की, त्यात आखूड हातपायांचाच उपयोग व्हावा: माशाच्या आकाराच्या कापडी नळीतून सरपटत जाणे, पायऱ्या चढणे. ताकाहाशी एकामागून एक शर्यती जिंकतो. बक्षिसे म्हणजे मुळा, पालक अशी भाजी. ती घरी नेऊन आईला द्यावयाची.

येथे एखादा कठोर वाचक म्हणेल, आणि वकील या नात्याने प्रथम आम्हीही म्हटले, की ही फसवणूक आहे. पंचाने निकाल आधीच ठरविला. मग त्या विजयाचे मोल काय? बनावट पुराव्यावर मिळविलेला निवाडा टिकत नाही. हा आक्षेप आम्ही बरेच दिवस मनात बाळगला. पुढे आमच्या ध्यानी आले की, आक्षेप ज्या गृहीतावर उभा आहे ते गृहीतच खोटे आहे. कोणतीही शर्यत निःपक्षपाती नसते. सपाट मैदानावरील धाव लांब पायांच्या सोयीची असते. वक्तृत्वस्पर्धा स्मरणशक्तीच्या, मोठ्या आवाजाच्या आणि घरी भाषण लिहून देणारी माणसे असलेल्या मुलांच्या सोयीची असते. नियम कोणाच्या तरी पायांस बेतूनच केलेले असतात. ते आपल्या मुलाच्या पायांस बसले की, आपण त्यांस न्याय म्हणतो. कोबायाशींनी खोटा निकाल दिला नाही. त्यांनी धावण्याची वाट बदलली. नळीतून ताकाहाशी स्वतःच सरपटला. पायऱ्या तो स्वतःच चढला. पुरावा अस्सल होता.

या पुस्तकावर एक आक्षेप मात्र उरतो. अशी शाळा एका माणसाच्या प्रज्ञेवर चालते. तो माणूस नसला म्हणजे काय? 'तोमोए' १९४५ च्या बाँबवर्षावात जळून गेली. पुस्तक वाचून मन भरून येते, पण आमच्या गावात कोबायाशी कोठून आणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. ते उत्तर आम्हांस आमच्या देवळातच शोधले पाहिजे.

तीन साक्षींचा एकत्र विचार

आमच्या पुराव्याच्या कायद्यात एक जुने तत्त्व आहे: तोंडी साक्ष प्रत्यक्ष पाहिल्याची, ऐकल्याची, अनुभवल्याची हवी; ऐकीव नको. १८७२ चा अधिनियम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तरी हे तत्त्व कायम राहिले आहे. मुलाच्या मनातही असेच एक न्यायालय भरलेले असते, आणि तेथे रोज एकच खटला चालतो: मला हे जमेल काय? 'तू हुशार आहेस', 'तू काहीही करू शकतोस', ही आमची वाक्ये त्या न्यायालयात ऐकीव पुरावा ठरतात. मूल प्रेमाने ती ऐकून घेते, पण निवाडा त्यांवर देत नाही. निवाडा ते देते स्वतः केलेल्या कृतीवर: मी पाण्यावर तरंगलो, मी रामरक्षा उतरविली, मी पायऱ्या चढलो. तिन्ही पुस्तकांचा देश, काळ व धर्म एकच नाही. पण या एका मुद्द्यावर तिघा साक्षीदारांत विसंगती नाही.

दुसरा मुद्दा असा की, तिन्ही ठिकाणी मूल कृती करते तेव्हा ते एकटे नसते. विहिरीवर पोहणारे आहेत, वर्गात आधी स्वतः चुकलेला शिक्षक आहे, डब्यांच्या शाळेत न बोलता विश्वास ठेवणारा मुख्याध्यापक आहे. व्यासपीठावर मात्र आम्ही मुलास एकटे उभे करतो व त्याच्यासमोर सारा गाव बसवितो.

आमच्या गोव्यात चतुर्थीच्या दिवसांत घरोघर व देवळांतून घुमट-आरत्या होतात. घुमट हे मातीचे वाद्य. त्याच्या तोंडास पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये घोरपडीस संरक्षण मिळाले व आता बकऱ्याच्या कातड्याने काम भागते. २०१९ साली गोवा सरकारने घुमटास राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले. पण आम्हांस येथे वाद्याविषयी नव्हे, ते शिकणाऱ्या मुलाविषयी बोलावयाचे आहे. लहान मूल प्रथम कडेस बसते. त्याच्या हाती कांसाळे येते. काही वर्षांनी कोणी काका आपल्या गळ्यातील घुमट काढून त्याच्या गळ्यात घालतो व म्हणतो, "भिंव नाका, वाजय." मुलाचा हात चुकतो. शामेळावरचा हात चालूच असतो, बाकीची घुमटे वाजत असतात, आरती थांबत नाही. पुढच्या आवर्तनात मूल पुन्हा ताल धरते. त्याची चूक सर्वांच्या आवाजाने सांभाळून नेली. कोणी घंटा वाजविली नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहात अहोरात्र चालणाऱ्या भजनात, किंवा बेळगावकडच्या एखाद्या खेड्यातील हरिनाम सप्ताहात, टाळ घेऊन मागच्या ओळीत उभ्या राहिलेल्या मुलाचेही असेच होते. कोबायाशींस जे विचाराने योजावे लागले, त्यातील काही आमच्या पूर्वजांनी रूढीने करून ठेवले होते. आम्ही ते मागे सारले आणि त्याच्या जागी चषक व प्रशस्तिपत्रे आणली.

याचा अर्थ स्पर्धा बंद कराव्यात, असा आमचा आग्रह नाही. मुलांना पुढे परीक्षा द्यावयाच्या आहेत, मुलाखतींस जावयाचे आहे, आणि ज्यांच्या नशिबी आमचा व्यवसाय आहे त्यांस न्यायाधीशांसमोर एकटे उभे राहावयाचे आहे. जग घंटा वाजविणारच. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मागच्या ओळीतील टाळ, मग गळ्यातील घुमट, आणि मग व्यासपीठ. आम्ही शेवटची पायरी पहिली करून ठेवली आहे. ध्येयाचेही तसेच. नऊ वर्षांच्या मुलास जिल्हाधिकारी व्हावयाची घाई नसते. ती घाई सभामंडपात बसलेल्यांची असते. मुलाच्या हाती आज पुरे होईल एवढे काम द्यावे, ते त्याचे त्याने पुरे करावे, आणि आपण जवळपास असावे. अशी शंभर कामे पुरी झाली की, त्याचे ध्येय काय ते तोच सांगेल. कदाचित आमच्या कल्पनेत नसलेले काही सांगेल, आणि ते ऐकण्याची तयारी आम्ही ठेवावी.

यंदाच्या वर्धापनदिनासाठी समितीने आम्हांस पुन्हा परीक्षक होण्यास सांगितले. आम्ही नम्रपणे नकार दिला व वक्तृत्वस्पर्धेसोबत आणखी एक गोष्ट करावी, अशी विनंती केली: उत्सवाची काही कामे मुलांकडे सोपवावीत. पालखीच्या वाटेवरील दिव्यांची मोजणी, फुलांचा हिशेब, जेवणाच्या पंगतीत पाणी वाढणे, आलेल्या वृद्धांस बसावयास जागा करून देणे. हिशेब चुकला तर मुलांनीच तो पुन्हा मांडावा. समितीत यावर वाद झाला. काहींना हे उत्सवाच्या इभ्रतीस न शोभणारे वाटले. 'मुलांच्या हातून काही राहिले तर?' असे एकाने विचारले. आम्ही म्हटले, राहील; आणि राहिलेले ती पुरे करतील. प्रस्ताव अद्याप विचाराधीन आहे.

त्या मुलीच्या आजीकडे मात्र आम्ही समितीच्या निर्णयाची वाट न पाहता गेलो. मुलगी अंगणात होती. आम्ही तिला सांगितले की, त्या दिवशी घंटा वाजविण्यात आमची चूक झाली. मोठ्या माणसास चूक कबूल करताना पाहून ती थोडी बुजली. मग आम्ही विचारले, तिसऱ्या वाक्यात तुला काय सांगावयाचे होते? तिने सांगितले की, भाषण काकांनी लिहून दिले होते. तिला खरे तर आजीसारखे मोगऱ्याचे वळेसर गुंफावयास शिकायचे आहे, पण ते ध्येय म्हणून चालत नाही, असे सर्वांनी तिला सांगितले होते.

उत्सवाच्या फुलांचे काम कोणाकडे सोपवावे, हे आम्हांस आता ठाऊक आहे. ते समितीस पटवून देणे हा आमच्या हातातील पुढचा खटला आहे, आणि या वेळी आमच्या बाजूस पुरावा आहे.